शिवणीतली माया

'जरा वाढत्या अंगाचा शिवा.' जून महिन्यात गणवेश शिवायला टाकताना महाराष्ट्रातल्या बहुतेक पालकांनी शिंप्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकवलेले असते. वाक्य इतके रोजचे आहे की त्यात एक चांगला शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे हे आपल्या लक्षात येत नाही. ज्या वस्तूचे माप घ्यायचे ती वस्तूच सतत बदलत असेल, तर कोणते माप धरायचे? टेबलावरचे कापड शिवताना हा प्रश्न येत नाही. मोठ्या माणसाचा सदरा शिवताना तो फारसा येत नाही. मुलाचा कपडा मात्र शिवून घरी येतो त्याच दिवसापासून थोडा थोडा लहान व्हायला लागतो.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कापडाचा व्यापार येतो, गिरण्या येतात, राजेरजवाड्यांचे पोशाख येतात. घरात बसून मुलासाठी शिवलेले झबले, टोपडे, परकर, दुपटे यांचा उल्लेख सहसा येत नाही. पण मोजमाप, भूमिती, काटकसर आणि वाढत्या शरीराची जाण या साऱ्यांचा मेळ घालून केलेले हे काम आहे. ते करणाऱ्यांनी ते लिहून ठेवले नाही, एवढाच फरक. या लेखात आपण हा न लिहिलेला इतिहास एका प्रश्नाच्या धाग्याने पाहू: मूल वाढते या गोष्टीला शिवणाऱ्या हातांनी काय काय उत्तरे दिली?

पुरावा टिकत का नाही?

पहिली अडचण पुराव्याची. दगडाची हत्यारे लाखो वर्षे टिकतात, भांड्यांचे तुकडे हजारो वर्षे टिकतात. कापड मात्र ओलावा, बुरशी आणि जिवाणू यांच्यापुढे टिकत नाही. त्यातही मुलांच्या कपड्यांचे नशीब अधिक वाईट. मोठ्यांचा समारंभाचा पोशाख पेटीत जपून ठेवला जातो. मुलाचा रोजचा कपडा पाठच्या भावंडाला जातो, मग त्याचे फडके होते, शेवटी चिंधी होते. जे पुरेपूर वापरले गेले ते मागे उरत नाही. म्हणून मुलांच्या कपड्यांविषयी आपल्याला जे कळते ते बहुधा अपघाताने कळते. असे चार अपघात पाहू.

रशियात व्लादिमीर शहराजवळ सुंगीर नावाचे ठिकाण आहे. तिथे १९६९ साली सुमारे ३४ हजार वर्षांपूर्वीचे दोन मुलांचे दफन सापडले. मुलांच्या अंगावरचे कपडे केव्हाच नाहीसे झाले होते. पण मॅमथच्या हस्तिदंताचे दहा हजारांहून अधिक मणी सांगाड्यांवर ओळींनी पडलेले होते. मणी ज्या ओळींत पडले, त्यावरून ते कपड्यांवर शिवलेले असावेत हे समजले. विशेष म्हणजे, त्याच ठिकाणी पुरलेल्या प्रौढाच्या मण्यांपेक्षा मुलांचे मणी लहान होते, साधारण दोनतृतीयांश आकाराचे. म्हणजे मोठ्यांचे उरलेसुरले मणी मुलांना लावले नव्हते. मुलाच्या मापाचे मणी मुद्दाम घडवले होते.

दुसरा अपघात आपल्याकडचा. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत धाग्याचे अंश शिल्लक होते आणि तपासणीत ते सूत व रेशीम असल्याचे दिसले. धागा टिकला तो तांब्यामुळे. तांब्याचे क्षार जिवाणूंना मारक असतात, त्यामुळे मण्याला चिकटलेला धागा कुजला नाही. अंगावर कापड असलेच तर त्याला असे संरक्षण नव्हते.

तिसरा अपघात इजिप्तमधल्या एका उकिरड्यावरचा. कोरड्या वाळूत कापड टिकते. अँटिनोपोलिस या प्राचीन शहराच्या कचऱ्यात १९१३-१४ साली लहान मुलाच्या डाव्या पायाचा एक लोकरी मोजा सापडला. तो तिसऱ्या-चौथ्या शतकातला असून आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकाच सुईने फासे घेत तो केला आहे आणि अंगठ्याला वेगळी जागा ठेवली आहे, कारण वर पट्ट्याची चप्पल घालायची होती. २०१८ साली प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींत त्याची छायाचित्रे घेऊन अभ्यास झाला. मोज्यावर सात रंगांचे पट्टे आहेत आणि ते सारे रंग तीनच वनस्पतींपासून मिळवले आहेत: एक लाल, एक निळा, एक पिवळा. बाकीचे रंग या तिघांच्या मिश्रणातून आले. लहान मुलाच्या मोज्यासाठी कोणीतरी इतका खटाटोप केला होता.

चौथा पुरावा लंडनचा, आणि तो वाचताना मन जड होते. ज्यांना मूल सांभाळणे शक्य नव्हते अशा आयांची तान्ही बाळे स्वीकारणारी 'फाउंडलिंग हॉस्पिटल' ही संस्था १७४१ साली तिथे सुरू झाली. आईचे नाव नोंदवले जात नसे. पुढे ती मूल परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून बाळाच्या किंवा आईच्या कपड्याचा एक तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचत. अशा नोंदवह्यांत सुमारे पाच हजार तुकडे आजही आहेत. गरीब घरांतील बाळांच्या अठराव्या शतकातल्या कपड्यांचा इतका मोठा संग्रह अन्यत्र मिळणे कठीण. त्यात निरनिराळ्या चिंध्या जोडून केलेली एक पट्टी आहे. तिच्यावर लाल दोऱ्याने हृदयाची आकृती काढून ती पट्टी मधोमध कापलेली आहे. १७६७ साली सोडलेल्या त्या मुलाला त्याची आई आठ वर्षांनी, १७७५ साली, परत घेऊन गेली. असे भाग्य फार थोड्यांचे होते. १७४१ ते १७६० या काळात दाखल झालेल्या १६ हजारांवर बाळांपैकी परत नेली गेली ती दीडशेच्या आसपास.

हे चार पुरावे वेगवेगळ्या काळांतले आणि देशांतले आहेत. त्यांतून सलग इतिहास तयार होत नाही. पण एक गोष्ट नक्की कळते. मुलासाठी मुद्दाम, त्याच्या मापाने आणि मन लावून काहीतरी करणे ही अगदी जुनी मानवी रीत आहे.

बाळाच्या अंगाचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मूल नेमके किती आणि कसे वाढते? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केलेली वाढीची प्रमाणके भारतासह सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. त्यांनुसार जन्माच्या वेळी मुलग्याची मध्यम लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते, वर्षाच्या शेवटी ती ७६ सेंटिमीटरच्या जवळ पोहोचते, दोन वर्षांचा होतो तेव्हा ८७ आणि चार वर्षांचा होतो तेव्हा १०३. मुलींचे आकडे याहून किंचित कमी आहेत. म्हणजे जन्मतः असलेली लांबी चार वर्षांत दुप्पट होते, आणि त्यातली निम्मी वाढ पहिल्या एकाच वर्षात होते.

कापडाला मात्र लांबी पुरत नाही, क्षेत्रफळ लागते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन साधारण तिप्पट होते. आकार तसाच राहून वजन तिप्पट झाले तर पृष्ठभाग किती पटींनी वाढेल? तीनचे घनमूळ काढून त्याचा वर्ग केला की उत्तर २.०८ येते. म्हणजे वर्षाच्या मुलाला अंग झाकायला तान्ह्या बाळाच्या दुप्पट कापड लागते. वरच्या वर्गांतल्या मुलांना घातांकांचे उदाहरण द्यायचे असेल तर हे चांगले आहे.

पण बाळाचा आकार तसाच राहत नाही, ही दुसरी अडचण. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. मोठ्या माणसात ते प्रमाण सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर छातीच्या घेरापेक्षाही थोडा मोठा असतो. म्हणून मोठ्यांचा सदरा त्याच प्रमाणात लहान करून शिवला तर तो बाळाच्या डोक्यातून जाणारच नाही. शिवाय बाळाच्या एकूण त्वचेपैकी जवळजवळ एकपंचमांश त्वचा डोक्यावर असते, तर मोठ्यांत हा हिस्सा दहाव्या भागाहूनही कमी असतो. उघड्या डोक्यातून बाळाची पुष्कळ उष्णता जाते ती त्यामुळे.

ही आकडेवारी आपल्या आजीला माहीत नव्हती. पण तिने शिवलेल्या कपड्यांकडे नीट पाहिले तर या सर्व अडचणींची दखल त्यांत घेतलेली दिसते.

चार जुनी उत्तरे

पहिले उत्तर: मापच घ्यायचे नाही. दुपटे म्हणजे कापडाचा चौकोन. तो बाळाच्या अंगाप्रमाणे गुंडाळायचा. बाळ वाढले तर एक वेढा कमी. कुंचीही याच विचाराची. चौकोनी कापड दुमडून एका बाजूने शिवले की डोक्यावर टोपीसारखे बसते आणि उरलेले कापड पाठीवर उतरते. डोके, कान, मान आणि पाठ एकाच कपड्यात झाकली जातात, म्हणजे उष्णता जिथून अधिक जाते तेच भाग. कापड कापावे लागत नाही, म्हणून वायाही जात नाही.

दुसरे उत्तर: कपडा उघडा ठेवायचा. पारंपरिक झबले पुढून किंवा मागून पूर्ण उघडे असते आणि बंदांनी बांधले जाते. त्यामुळे मोठे डोके लहान गळ्यातून ओढण्याचा प्रश्नच उरत नाही. बाळ लहान असताना दोन्ही पदर एकमेकांवर बरेच येतात, बाळ वाढते तसे ते कमी येतात, पण बंद बांधता येतात. बटण एका जागी पक्के असते. बंद मात्र छातीच्या घेराबरोबर सरकत जातो, आणि तो बाळाला टोचतही नाही.

तिसरे उत्तर: वाढ आत लपवून ठेवायची. मुलीचा परकर शिवताना तो मुद्दाम लांब शिवायचा आणि खालच्या बाजूला एक-दोन आडव्या दुमडी घालून त्या मोठ्या टाक्यांच्या धावदोऱ्याने धरून ठेवायच्या. मुलगी उंच झाली की एक दुमड उसवायची. शाळेच्या वयात मुलांची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक वाढ कमरेखाली असते. ५ सेंटिमीटर खोलीची एक दुमड १० सेंटिमीटर कापड लपवते. म्हणजे एक दुमड तीनेक वर्षांची बेगमी करते. उसवल्यावर त्या जागी न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसतो. झाडाच्या खोडातील वलये पाहून त्याचे वय सांगता येते, तसे जुन्या परकरावरच्या पट्ट्यांवरून मुलीची वाढ वाचता येते.

सदरा, पोलके यांच्या शिवणीतही असेच जादा कापड आत ठेवतात. शिंपी आणि घरी शिवणाऱ्या बायका त्याला 'माया' म्हणतात. 'काखेत दोन बोटे माया ठेव' असे सांगितले की शिकणाऱ्या मुलीला काय करायचे ते बरोबर कळते. उद्याच्या वाढीसाठी आज राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेने हा शब्द वापरावा, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी.

चौथे उत्तर: कपडा एका मुलाचा न मानता घराचा मानायचा. नऊवारी लुगड्यात सुमारे सव्वाआठ मीटर कापड असते. ते विरले की धडक्या भागातून मुलीचा परकर निघतो, परकर विरला की झबले, मग दुपटे. प्रत्येक वेळी कापड लहान होत जाते आणि मऊही. नव्या कापडावरची खळ अनेक धुण्यांत निघून जाते, तंतू सैल होतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या नाजूक त्वचेला जुने सुती कापड सोसते. कापड लहान होत जाण्याचा क्रम आणि घरातल्या मुलांचा क्रम यांची सांगड घातली की काहीच टाकावे लागत नाही. शेवटचे थर गोधडीत जातात. थरांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि जवळजवळ घातलेले धावदोरे थर सरकू देत नाहीत. लोकरीच्या बाबतीत ही रीत आणखी सोपी. तोकडा झालेला स्वेटर पूर्ण उसवायचा, लोकर धुऊन तिचे गुंडे करायचे आणि थोडी नवी लोकर घालून पुढच्या मापाचा स्वेटर विणायचा.

या साऱ्याचे कौतुक करताना एक भान ठेवायला हवे. ही काटकसर हौसेची नव्हती. कापड महाग होते आणि मुले पुष्कळ होती. दिवसभराची कामे आटोपल्यावर दिव्याच्या उजेडात डोळे ताणून हे शिवण होत असे. धाकट्याच्या वाट्याला कायम थोरल्याचे कपडे येत, आणि ते त्याला आवडतच असे नाही. या कौशल्यामागे कष्ट आणि गरिबी होती हे मान्य करूनही ते कौशल्यच होते.

यंत्र आणि कागद

विज्ञानाने मुलाची वाढ मोजायला सुरुवात केली ती अठराव्या शतकात. गेनो द मोंबेयार या फ्रेंच गृहस्थाने आपल्या मुलाची उंची १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे, साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती मोजमापे १७७७ साली प्रसिद्ध केली. एकाच मुलाच्या वाढीची ही पहिली सलग शास्त्रीय नोंद मानली जाते. किशोरवयात उंची एकदम झपाट्याने वाढते हे या आकड्यांत स्पष्ट दिसते. घराघरांत उसवल्या जाणाऱ्या दुमडींना ही गोष्ट ठाऊक होती. पण दुमड उसवली की नोंद पुसली जाई. मोंबेयारने नोंद ठेवली, आणि म्हणून ती पुढच्यांच्या उपयोगी पडली. ज्ञान असणे आणि ते लिहून ठेवणे यांतला फरक इथे चांगला दिसतो.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी घरची शिवण बदलली. पहिली शिवणयंत्र. अमेरिकेत एलियास होवने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली आपापल्या यंत्रांचे पेटंट घेतले. हाताने पुरुषाचा एक सदरा शिवायला चौदा तासांहून अधिक वेळ लागे, तो यंत्रावर सव्वा तासात होई, असा हिशेब १८६०च्या सुमारास तिकडे मांडला गेला होता. हप्त्याने पैसे भरण्याची सोय झाल्यावर यंत्र सामान्य घरांत शिरले. आपल्याकडे आधी परदेशी यंत्रे आली आणि १९३०च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने यंत्र केले, असे ते म्हणाले. सिंगरच्या प्रेरणेची ही हकीकत इतिहासाला धरून नाही. पण माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र आणि माणसाला निकामी करणारे यंत्र यांत फरक करावा, हा गांधीजींचा मुद्दा त्यामुळे कमी होत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. त्याने १८६३ साली कापड बेतण्यासाठी वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी नमुने विकायला काढले. तोवर मिळणारे नमुने एकाच मापाचे असत; ते आपल्या मुलाच्या मापाला आणणे हे शिवणारीचे डोके. मुलाचे कपडे शिवताना आलेल्या याच अडचणीवरून बटरिकच्या बायकोने त्याला ही कल्पना सुचवली, असे सांगतात. सुरुवातीच्या नमुन्यांत मुलग्यांचे कपडे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे मापांची चढती श्रेणी ही आजच्या तयार कपड्यांच्या धंद्यातली पायाभूत कल्पना, आणि तिच्या सुरुवातीलाही वाढत्या मुलाचा तोच प्रश्न होता.

दीड लाख मुलांचे माप

मापांची श्रेणी ठरवायची तर कशावरून? सोपा मार्ग म्हणजे वय. '४ वर्षे', '६ वर्षे' अशा चिठ्ठ्या लावल्या की काम झाले. आजही आपण दुकानात 'पाच वर्षांच्या मुलाचा दाखवा' असेच सांगतो. पण एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या मुलांना ओळीत उभे करून पाहा. दहा वर्षांच्या मुलामुलींत एखादे डोक्याएवढ्या फरकाने उंच असते.

१९३७ ते १९३९ या काळात अमेरिकेच्या कृषिखात्यातील गृहविज्ञान विभागाने या प्रश्नाचा कस लावला. रूथ ओब्रायन यांच्या देखरेखीखाली ४ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ४७ हजार मुलामुलींची प्रत्येकी ३६ मापे घेण्यात आली आणि मेयर गिर्शिक या संख्याशास्त्रज्ञाने त्यांचे विश्लेषण केले. निष्कर्ष असा निघाला की कपड्याचे माप ठरवायला वय हा अगदी कच्चा आधार आहे. उंची आणि नितंबांचा घेर ही दोन मापे घेतली तर बाकीच्या मापांचा अंदाज पुष्कळ चांगला येतो. एवढ्या मोठ्या खटाटोपातून जे हाती आले ते घरी शिवणाऱ्या बाईच्या रीतीशी जुळणारे होते. तीही वय विचारत नाही. मुलाला समोर उभे करते आणि टेप लावते. पण ती तिच्या समोरच्या एका मुलापुरते सांगू शकते. ओब्रायन यांच्या अभ्यासाने ते लाखो मुलांसाठी, आकड्यांत आणि तपासून पाहता येईल असे सांगितले. दोन्हींची किंमत वेगळी, आणि दोन्ही हवेत.

आपल्या देशात 'इंडिया साइज' नावाची शरीरमापांची राष्ट्रीय पाहणी 'निफ्ट' या संस्थेने हाती घेतली; तिचा वयोगट १५ ते ६५ वर्षांचा ठरवला होता. झबल्यापासून आठवीच्या गणवेशापर्यंतचे वय त्यात येत नाही.

मापाचा हा प्रश्न केवळ दुकानापुरता नाही, हे महाराष्ट्रातील शिक्षकांना वेगळे सांगायला नको. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांच्या मोफत गणवेशाचे कापड मध्यवर्ती पद्धतीने घेऊन ते बचतगटांतील महिलांकडून शिवून घेण्याची योजना राबवली गेली. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले आणि ते मापात बसत नसल्याच्या तक्रारी आल्या. पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. यात शिवणाऱ्या बायकांच्या हाताला दोष देता येत नाही. शिवणारीच्या समोर मूल नसेल, तर तिच्या हातातले अर्धे ज्ञान निकामी होते. आखूड बाह्यांचा किंवा गळ्यात लोंबणारा सदरा घालून वर्गात बसणाऱ्या मुलाला तो दिवसभर जाणवत असतो. इतर मुले हसतात ते वेगळेच.

शाळेतली शिवण कोणाची?

इतके शास्त्र ज्या कामात आहे ते शाळेत आले, पण अर्धवट आले. इंग्लंडमध्ये १८६२च्या शिक्षणसंहितेने अनुदानित शाळांतील मुलींना साधी शिवण सक्तीची केली, मुलग्यांना नाही. आपल्या शाळांतही शिवण-टिपण मुलींचे ठरले. मुलींना ते 'उद्या संसारात उपयोगी पडेल' म्हणून शिकवले गेले, त्यातल्या भूमितीसाठी नव्हे. आणि मुलग्यांना ते शिकवलेच गेले नाही. गंमत अशी की बाजारात शिंप्याचे दुकान टाकणारे बहुधा पुरुषच. तेच काम घराबाहेर केले की धंदा, घरात केले की बायकांचे काम.

वर्ध्याला १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली. तिच्यात हस्तोद्योग हा मुलगे आणि मुली दोघांच्याही शिक्षणाचा गाभा होता. सूतकताईतून गणित, भूगोल, इतिहास शिकवावा ही त्यातली कल्पना होती. पुढे तिचे काय झाले हा वेगळा विषय आहे. पण हाताचे काम हे शिकण्याचे साधन आहे आणि ते मुलगा-मुलगी भेद न करता सर्वांचे आहे, ही दोन सूत्रे आजच्या कार्यानुभवाच्या तासालाही उपयोगी आहेत.

आज तयार कपडे स्वस्त झाले आहेत, आणि त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. आईच्या रात्री वाचल्या आहेत. मात्र स्वस्त तयार कपड्याच्या शिवणीत माया बहुधा नसते. कडा यंत्राने कापून लगेच गुंफलेल्या असतात. तो सैल करता येत नाही, फक्त टाकता येतो. कपडा वाढवता येतो ही कल्पनाच ज्या मुलाने पाहिली नाही, त्याला वस्तू दुरुस्त करता येते हे तरी कुठून सुचावे?

वर्गात काय करता येईल?

तिसरी-चौथीच्या मुलांना बोथट टोकाची मोठी सुई, जाड दोरा आणि गोणपाटाचा तुकडा द्या. धावदोरा शिकायला एक तास पुरतो. सारख्या अंतराचे टाके घालायचे म्हटले की मोजणे आपोआप येते. मुलगे आणि मुली दोघांनाही हे द्या.

पाचवी ते सातवीच्या मुलांना न बसणारा आपला एखादा जुना कपडा घरून आणायला सांगा. तो कुठे तोकडा झाला, लांबीत की रुंदीत, हे मोजून लिहायचे. शिवण आतून पाहायची: माया किती आहे? उसवल्याच्या खुणा आहेत का? घरात कोणी शिवत असे त्या व्यक्तीला विचारायचे की किती वाढ धरली होती आणि ती कशावरून ठरवली. उत्तरे वहीत उतरवून ठेवली तर आजवर न लिहिलेल्या या इतिहासाची थोडी तरी नोंद होईल.

आठवीच्या मुलांना ओब्रायन यांचा प्रयोग छोट्या प्रमाणात करता येईल. वर्गातल्या सर्वांचे वय महिन्यांत, उंची आणि हाताची लांबी मोजा. आधी वय आणि हाताची लांबी यांचा आलेख काढा, मग उंची आणि हाताची लांबी यांचा. कोणत्या आलेखातले बिंदू एका रेषेच्या अधिक जवळ येतात ते मुलांनाच ठरवू द्या. मापे नावानिशी फळ्यावर लिहू नका; क्रमांक द्या, म्हणजे कोणाला ओशाळे वाटणार नाही. आणि हे आलेख गणवेशाचे माप घेण्याच्या दिवसांत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जरूर मांडा. इयत्तेवरून माप धरावे की प्रत्येक मुलाला टेप लावावा, याचे उत्तर मुलांनी काढलेल्या आलेखातच असेल.